प्रश्न विचारणारी रामरक्षा

रामरक्षेत एकूण प्रश्न किती, असा विचार सारिका पानस्करने जन्मात कधी केला नव्हता. सातवीत असताना पाटणच्या मारुतीच्या देवळात तिने ती पाठ केली, बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला आणि प्रकरण तिथेच संपलं. पण दोन हजार चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये तिला कऱ्हाडच्या अवधान कक्षाची नोटीस आली. तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं : 'आपण जाहीर केलेल्या स्तोत्रपठणात एका फेरीत सरासरी एकशे बहात्तर प्रश्नार्थक चढ आढळले आहेत. प्रत्येक प्रश्नानंतर तीन ते पाच सेकंदांचा विराम आहे. तरी सदर पठण हे वस्तुतः संदेशवहन का समजू नये, याचा आठ दिवसांत समक्ष खुलासा करावा.'

घाटमाथा परिवहनच्या डेपोत ही नोटीस तिच्याआधी सगळ्यांनी वाचली. युनियनचा ज्ञानू थोरात तर मोठ्याने वाचत होता.

"वैनी, रामाला एका फेरीत एवढं काय इचारता? त्यो बिचारा धनुष्य टाकून परत वनवासात जायाचा."

सगळे हसले. सारिकाही हसली, कारण तसं हसणं भाग होतं. कागदाच्या तिने चार घड्या घातल्या, मग आठ घातल्या, आणि बस फलाटावर लावताना पाच वर्षांत पहिल्यांदा मागचं चाक कठड्याला घासलं.

तिला भीती कशाची वाटत होती हे कळायचं तर आधी कंठी काय चीज आहे ते सांगायला हवं. माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हा तो खरंतर पूर्ण गप्प नसतो. मेंदू नेहमीच्या सवयीने जिभेला, टाळूला, घशाला हुकूम सोडतच असतो, फक्त फार हळू. ते स्नायू केसभर थरथरतात. आवाज फुटत नाही, ओठ हलत नाहीत, पण कातडीवर विजेचे बारीक तरंग उमटतात. हे तरंग वाचणारी पातळ पट्टी म्हणजे कंठी. ती गळ्यात बांधायची, मनात वाक्य जुळवायचं, की समोरच्याला मेसेज गेला. बोटांचं काम संपलं. सासूसमोर बसून नवऱ्याला सासूबद्दल लिहिता येऊ लागलं, आणि कंठी घरोघरी पोचायला दोन वर्षंसुद्धा लागली नाहीत.

मग रस्त्यांवर माणसं मरायला लागली. जुन्या कायद्याला हातातला फोन दिसायचा. आता हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, आणि ड्रायव्हर मात्र मेव्हण्याशी जमिनीचा वाद घालतोय, हे पोलिसाला दिसणार कसं? तज्ज्ञांनी मोजून काढलं की मेसेज आला-गेला की नजर एका सेकंदात रस्त्यावर परत येते, पण मन यायला अकरा सेकंद लागतात. घाटात चाळीसच्या वेगाने अकरा सेकंदांत गाडी सव्वाशे मीटर जाते. एवढ्या अंतरात ती कुणीच चालवत नसते.

म्हणून अवधान कायदा आला. गाडी सुरू करण्याआधी कंठी काढून डब्यात ठेवायची. लोक दुसरी लपवून आणायला लागले, म्हणून सीटबेल्टच्या खांद्याजवळच्या पट्ट्यातच घशाचे तरंग टिपणारं यंत्र बसवलं. सरकारी नाव कंठमापक, ड्रायव्हरांनी ठेवलेलं नाव चुगली. चुगलीला शब्द कळायचे नाहीत, पण वाक्य चाललंय की नाही हे कळायचं. बोलणं, थांबणं, पुन्हा बोलणं असा संभाषणाचा नमुना सापडला की तो मेसेजच, असं कायदा धरून चालायचा. तो मेसेज नव्हता हे सिद्ध करायचं ते ड्रायव्हरने.

पहिल्याच महिन्यात निम्मे ड्रायव्हर घरी बसले. कारण घाट लागला की नामस्मरण करायचं ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. कुणी विठ्ठल-विठ्ठल, कुणी अल्लाचा जिक्र, कोकणातले ख्रिस्ती ड्रायव्हर जपमाळ. चुगली सगळ्यांवर सारखीच उठली. आंदोलन झालं, गाड्या आडव्या लागल्या, आणि सरकारने अर्ज क्रमांक नऊ काढला : जप किंवा स्तोत्र जाहीर करा, सूट मिळवा. एका आठवड्यात सगळा डेपो भक्तिमार्गाला लागला. आयुष्यात देवळाची पायरी न चढलेल्यांनी विष्णुसहस्रनाम भरलं. थोरातने सारिकाचाही अर्ज स्वतःच भरून आणला.

"रामरक्षा लिवतो. तुमाला येतीच."

तिने सही केली. त्या वेळी ती सही फार किरकोळ वाटली होती.

यंदा चुगलीत सुधारणा झाली. जपाला ठेका असतो, स्तोत्राला चाल असते. नवी चुगली तो ठेका जुळवून बघायची. बाकीच्यांचं कसंबसं निभावलं, कारण बाकीचे खरोखर काहीतरी पुटपुटत तरी होते. सारिका कुंभार्ली घाट उतरताना रामरक्षा म्हणत नव्हती. ती नवऱ्याशी भांडत होती.

रोज, पाच वर्षं, त्याच वळणांवर. प्रश्न विचारायची आणि थांबायची, कारण मनातल्या धनाजीलाही उत्तर द्यायला वेळ लागायचा.

भांडणाचं मूळ अकरा वर्षांपूर्वीचं. तेव्हा धनाजी याच मार्गावर ड्रायव्हर होता आणि दोघं घाटाच्या पायथ्याशी, पोफळीला कंपनीच्या खोलीत राहायचे. फोन तेव्हा हातातच असायचे. एका दुपारी, गाडी यायची वेळ झाली म्हणून सारिकाने मेसेज टाकला : 'कुठपर्यंत आलात? चहा टाकू का?' असा मेसेज तिने त्याआधी हजार वेळा टाकला असेल. ड्रायव्हरची बायको दुसरं काय विचारणार? मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे त्याने वाचला. वेळ चार वाजून बारा मिनिटं. उत्तर आलं नाही. पंधरा मिनिटांनी शेजारीण धावत आली की गाडी तिसऱ्या वळणावर कठडा तोडून खाली गेली.

झाडांनी गाडी अडवली म्हणून माणसं वाचली. धनाजीचं उजवं पाऊल गेलं. शुद्धीवर आल्यावर त्याने सांगितलं, ब्रेक लागलाच नाही. पंचनाम्यात लिहिलं गेलं, अपघाताची वेळ चार वाजून बारा मिनिटं. ब्रेकच्या दांडीला एक पिन असते, तिची टोकं वाकवली नाहीत तर ती गळते आणि ब्रेक जातो. गाडीची खालची बाजू इतकी चेपली होती की ब्रेकच्या दांडीची पिन आधी निघाली की आपटल्यावर, हे कुणालाच सांगता येईना. कंपनीने ब्रेक-मेकॅनिक बाळासो खोतला कामावरून काढलं. धनाजीला, चूक नसताना पाय गेलेला माणूस म्हणून, डेपोच्या चौकशी खिडकीत कायमची नोकरी दिली.

सारिकाला त्या दोन निळ्या खुणा माहीत होत्या. तिने त्या कुणाला सांगितल्या नाहीत. फोन बदलला, मेसेज पुसला, पुढे बायकांची भरती निघाली तेव्हा स्वतः ड्रायव्हर झाली. आणि बेल्ट लावून एकटी बसली, की घशातल्या घशात सुरू व्हायची : मी पाठवला म्हणून तुम्ही बघायलाच हवा होता का? बघितलात तर बघितलात, मग खोतांचं नाव का घेतलंत?

नोटिशीत तिच्यापुढे दोन वाटा ठेवल्या होत्या. चुगलीने साठवलेले तरंग उघडायला संमती द्यायची. मग तिच्या घशाच्या मापाने यंत्र शब्द वाचणार, मेसेज नव्हता हे दिसलं तर लायसन्स वाचणार, पण वाचलेले शब्द कुणीही बघावं अशा फायलीत जाणार. नाहीतर लायसन्स परत करायचं. परत केलं की चोवीस तासांत सगळी नोंद कायद्यानेच पुसली जाते.

एक वाट निवडली तर स्टिअरिंग जाणार होतं. दुसरीत धनाजी उघडा पडणार होता.

नोटिशीच्या तिसऱ्या दिवशी, कऱ्हाडहून चिपळूणला जाताना, तिच्या गाडीचं पुढचं दार अडकलं. हेळवाक फाट्यावर गाडी उभी करण्यावाचून इलाज नव्हता, आणि हेळवाक फाट्यावर दुरुस्तीचं दुकान एकच, बाळासो खोतचं. एरवी ती तिथून जाताना समोरच्या रस्त्यावरची नजर हलवायची नाही.

खोत हत्यारांची पेटी घेऊन आला. दाराखाली वाकला. आणि काम करताना मोठ्याने बोलू लागला, कुणाशी नाही, नुसताच. "पट्टी सरळ केली. बोल्ट घातला. आवळला." पुन्हा पाना लावला. "परत आवळला."

गाडीतली एक मुलगी हसली. खोतला त्याचं काही वाटलं नाही. काम झालं, सारिकाने गाडी सुरू केली, तर हा हात वर करून पुढ्यात हजर.

"थांबा वैनी, येकदा बघू द्या."

तो पुन्हा वाकला, बोल्टाला बोट लावलं, "हाय," म्हणाला आणि उठला. साठीकडे झुकलेला माणूस, गुडघ्यावर हात देऊन उठत होता.

"किती वेळा बघता हो मामा?" सारिकाच्या तोंडून गेलं.

"काय करू? मन मानत न्हाई." खोत दारातच उभा राहिला. "त्या दिवशी सकाळी पिन घातल्यालं मला आठवतंय. वाकवल्याली आठवत न्हाई. अकरा वर्सं झाली, आंगावर काटा येतो. म्हनून आता मोठ्यानं बोलत करतो, म्हंजी कानाला तरी आठवंल." मग जरा घुटमळला. "धनाजीचा पाय कसा हाय? माझ्या हातानं गेला त्यो. करवंदं पाठवतो दर मे म्हयन्यात, पोचत्यात न्हवं?"

"पोचतात," सारिका म्हणाली.

करवंदं पोचायची. धनाजी पाटी तशीच शेजाऱ्यांकडे द्यायचा. म्हणायचा, मला आंबट चालत नाही. लग्नाच्या आधी हाच माणूस करवंदांसाठी झुडपात शिरून अंग ओरबाडून घ्यायचा.

ती गाडी घेऊन निघाली. घाटात त्या दिवशी तिच्या घशात प्रश्न आलेच नाहीत. आजवर ती भांडत होती ते आपल्या मेसेजवरून आणि आपल्या नवऱ्याच्या खोटेपणावरून. खोत त्या भांडणात फक्त एक नाव होता. त्या माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास आपल्या घरानं खाल्लाय, हे तिला पहिल्यांदा इतकं लखलखीत दिसलं, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

संध्याकाळी पाटणला घरी आली तेव्हा धनाजी बनावट पाऊल काढून खाटेवर बसला होता. तिने पर्स ठेवली नाही, पाणी प्यायली नाही, तशीच उभी राहिली. बसली असती तर बोलणं झालं नसतं.

"त्या नोटिशीचं सांगायचंय. मी घाटात जप करत न्हाई. तुमच्याशी भांडते."

"माझ्याशी?" तो हसला. "घरी भांडायला कमी पडतंय व्हय?"

"चार वाजून बारा मिनिटं," ती म्हणाली. "मेसेज तुमी वाचला तवा चार बारा झाले व्हते. निळ्या खुणा मी बघितल्या. ब्रेक लागला न्हाई हे खोटं हाय."

धनाजीचं हसू गेलं. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पायाकडे बघितलं, मग सावकाश बनावट पाऊल उचलून पट्टे बांधायला लागला. पट्टा दोनदा निसटला.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला न्हाई. पण तरंग उघडलं की सगळं फायलीत जाईल."

"मग उघडू नगंस. लायसन परत कर. पाच वर्सं चालवलीस गाडी, बास झालं."

"आन खोत?"

"खोताचं दुकान चाललंय की."

"त्यांच्या हातात दिवसभर पाना असतो आन तरी स्वतःच्या हातावर त्यांचा भरवसा न्हाई, तुमाला माहीत हाय का ते?" तिचा आवाज चढला. "करवंदं पाठवत्यात ती माफी मागायला! त्यांनी तुमची माफी मागायची?"

धनाजी उठून उभा राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"मग सगळंच सांग की फायलीत. मेसेज पाठवला कुणी व्हता? मी घाटात हाय हे ठाऊक असून पाठवला कुणी?"

अकरा वर्षं हे वाक्य तो कधीतरी बोलेल या धाकात तिने काढली होती. मनातल्या भांडणात तिने त्याची हजार उत्तरं तयार ठेवली होती. पण ती मोरीत गेली, नळ मोठा सोडला आणि रडली. धनाजी दाराशी आला, परत गेला, पुन्हा आला. बनावट पावलाची टकटक तिला ऐकू येत होती. दार काही त्याने वाजवलं नाही.

पुढचे चार दिवस घरात कामापुरतं बोलणं. सारिकाला एका जागी बसवेना. तिने डबे उतरवून घासले, परत लावले, एका दुपारी लायसन्स परत करायचा अर्ज भरला, पाकिटात घातला आणि ते पाकीट कधी पर्समध्ये तर कधी फ्रीजवर ठेवत राहिली. स्टिअरिंग हातात आलं तेव्हापासून तिला आपण कुणीतरी आहोत असं वाटत आलं होतं. घाटात एवढी मोठी गाडी वळवताना मागे पन्नास माणसं निवांत डुलक्या घेत असतात, हे सुख तिला दुसऱ्या कशात मिळणार नव्हतं. आणि ते सोडलं तरी खोत तसाच बोल्ट चाचपत राहणार होता. नुसती नोंद पुसली जाणार होती.

आठव्या दिवशी सकाळी ती कऱ्हाडला निघाली, तर धनाजी इस्त्रीचा शर्ट घालून दारात.

"तुमी कशाला?"

"येतो," एवढंच म्हणाला. गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. आपण लायसन्स परत करतोय का, हे बघायला आला असेल, असं सारिकाला वाटलं.

अवधान कक्षात नाझिया मुजावर नावाच्या तिशीतल्या अधिकारी होत्या. टेबलावर एक पडदा, एक पट्टी आणि पोह्यांची अर्धी राहिलेली बशी.

"या पानस्करताई. तुमच्या रामरक्षेनं आमचं ऑफिस हसवलंय," त्या म्हणाल्या, पण मायेने म्हणाल्या. "परत करताय की उघडायचं?"

पाकीट पर्समध्ये होतं. सारिकाने पर्सवर हात ठेवला. शेजारी धनाजीचा श्वास जोरात चाललेला तिला ऐकू येत होता.

"उघडा," ती म्हणाली.

आधी तिच्या घशाचं माप घ्यायचं होतं. गळ्याला पट्टी लावून तिने चाळीस वाक्यं आधी मोठ्याने, मग मनात म्हटली. 'गवळणीने गढूळ पाणी गाळले.' 'खडकवाडीची ठकू ठाण्याला ठेचकाळली.' प्रत्येक माणसाचा घसा वेगळा, त्यामुळे एकाचे तरंग दुसऱ्याच्या मापाने वाचता येत नाहीत, असं मुजावर मॅडमनी समजावलं. अर्ध्या तासाने यंत्राला तिची ओळख पटली आणि पाच वर्षांतल्या शेवटच्या वर्षाच्या फेऱ्या पडद्यावर सरकायला लागल्या.

सारिकाने डोळे मिटले होते. उघडले तेव्हा पडद्यावर भलतंच दिसलं. चालत्या गाडीतले तरंग, त्यात घाटातले हादरे. दहा शब्दांतले दोन कसेबसे उमटले होते. '... का बघ... ... खोत ... ... ब्रे... ... तुम्ही ... खोत ... पिन ...' बाकी नुसत्या रेघा. दिवसामागून दिवस तेच तुकडे, त्याच वळणांवर.

मुजावर मॅडमनी भराभर पानं सरकवली आणि खुर्चीला टेकल्या.

"ताई, हा मेसेज नाही. रोज एकच मेसेज वर्षभर कुणी पाठवत नाही. आणि प्रश्न पण तुमच्याच घशातला, उत्तर पण तुमच्याच. स्वतःशी बोलता तुम्ही. मी पण बोलते, स्कूटरवर." त्या हसल्या. "अर्ज नऊ खोटा भरला त्याची ताकीद लिहिते. लायसन्स तुमचं तुमच्याकडे."

"आन फायलीत काय जाणार?" धनाजीने विचारलं.

"हेच तुकडे. ह्यातून कुणाला काय कळणार? घरगुती काहीतरी असेल." त्यांनी कागद पुढे सरकवला. "फक्त एक रकाना भरायचा राहिला. हे खोत कोण? नातेवाईक लिहू का? नुसतं नातेवाईक लिहिलं तरी चालतं."

सही करायची जागा समोर होती. पेन समोर होतं. आठ दिवस जिवाला घोर लावणारं यंत्र तिचं काही म्हणता काही वाचू शकलं नव्हतं. नातेवाईक, एवढं म्हटलं की दोघांनी उठायचं, बाहेर चहा घ्यायचा, पुढच्या फेरीला गाडी घ्यायची. धनाजीचा श्वास सुटलेला तिने ऐकला. तिलाही क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटण्याचाच तिला राग आला.

"नातेवाईक न्हाईत," सारिका म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "बाळासो खोत आमच्या डेपोत ब्रेकचं काम करायचे. अकरा वर्षांपूर्वी कुंभार्लीत गाडी गेली, तिचा ब्रेक चांगला होता. ड्रायव्हर फोन बघत होता. मेसेज मी पाठवला होता, तो घाटात आहे हे मला माहीत होतं. खोतांना फुकट काढलं. हे लिहून घ्या."

मुजावर मॅडमचं हसू मावळलं. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा तिच्या शेजारच्या माणसाच्या पायाकडे.

"पानस्करताई, हे जबाबात गेलं की परत घेता येत नाही. चौकशी पुन्हा उघडेल. नोकरीवर येईल. कुणाच्या ते मी सांगायला नको."

"माहीत आहे."

धनाजी उठला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. आता हा निघून जाणार, सारिकाने मनाशी धरलं, आणि तिने मान वळवली नाही. पण पावलाची टकटक दाराकडे गेली नाही. तो टेबलाला वळसा घालून पुढे आला आणि दोन्ही हात टेबलावर टेकून उभा राहिला.

"तिनं सांगितलं ते बरूबर न्हाई मॅडम."

सारिकाने आता मान वळवली.

"ब्रेक चांगला व्हता, ते खरं. मेसेजचं खरं न्हाई. तिचा मेसेज यायच्या आधीपासनं फोन माझ्या हातात व्हता. घाटमाथ्यापासनं. गावच्या ग्रुपवर वाद पेटला व्हता, जत्रंत कुस्त्या घ्यायच्या का ऑर्केस्ट्रा. मी कुस्तीवाला. सतरा मेसेज टाकलं मी उतारावर. तिचा आला, त्यो वरनं टपकला आन माझं बोट त्याच्यावर पडलं, म्हनून त्या निळ्या खुणा. वाचला न्हाई मी त्यो. काय लिवलं व्हतं ते मला आजून ठाऊक न्हाई." तो थांबला. त्याला बायकोकडे बघवेना, पडद्याकडेच बघत राहिला. "त्या दिवशी घरी मी तिला म्हनलो, मेसेज तुझा व्हता. तसं म्हनायला नगं व्हतं. लिवा हे."

अकरा वर्षं सारिका ज्या मेसेजसाठी जळली, तो त्याने वाचलाही नव्हता. तिला हसू आलं, रडू आलं, त्याच्या थोबाडीत मारावी असंही वाटलं, सगळं एकाच वेळी. कुस्त्या का ऑर्केस्ट्रा. एका माणसाचा स्वतःच्या हातांवरचा भरवसा त्यात गेला होता.

"चहा टाकू का, असं लिवलं होतं," ती म्हणाली.

धनाजीने मान हलवली. त्याचे खांदे हलत होते.

मुजावर मॅडमनी पडदा बंद केला, खणातून जबाबाचा कोरा कागद काढला आणि पेनचं टोपण उघडलं.

"जबाब देणाऱ्याचं पूर्ण नाव सांगा."

"धनाजी बापू..."

"थांबा," सारिका म्हणाली. तिने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. "आधी खोतांचं लिहा. बाळासो महादेव खोत, ब्रेक-मेकॅनिक, मुक्काम हेळवाक. पुढे लिहा, पिन त्यांनी घातली होती, आणि वाकवलीही होती. मग आमची नावं."